एकास चोवीस

नाटकावर समीक्षा लिहिणारे आहेत. कवितेवर लिहिणारे तर कवींपेक्षा जास्त आहेत. हल्ली मिसळीवरसुद्धा दोन-दोन पानी रसग्रहण येतं आणि त्यात तर्रीच्या अंतर्मुखतेविषयी वाचायला मिळतं. पण हातभर लांबीच्या मोटारीवर, किंवा दोन ट्रॉल्या लावून उसाने भरलेल्या वीतभर ट्रॅक्टरवर कुणी मराठीत गंभीरपणे टीका केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव आपण भरून काढायची असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

वास्तविक हा प्रश्न समीक्षकाला विचारायचा नसतो. पण विचारलाच आहे तर माझी पात्रता सांगून टाकतो. मी बी.कॉम. राहतो बारामतीत, नोकरी बँकेत, आणि बँक इंदापुरात. मधलं पन्नासएक किलोमीटरचं अंतर रोज एस.टी.ने कापतो. माझ्याकडे ट्रॅक्टर-कर्जाचं टेबल आहे. खरा ट्रॅक्टर म्हणजे दोन टनांचं धूड. पण तो आमच्या टेबलावर आला की त्याचं काय होतं? कोटेशन, सातबारा, आठ-अ, आर.सी. बुकाची झेरॉक्स, विम्याचा कागद आणि दोन जामीनदारांचे गंभीर चेहऱ्याचे फोटो. एवढ्यात तो अख्खा ट्रॅक्टर मावतो आणि फाईल कपाटाच्या तिसऱ्या खणात जाते. मोठी वस्तू लहान करण्याच्या कलेत आमच्याइतका कुणाचा हात बसला असेल असं मला वाटत नाही. फरक इतकाच, की आमच्या मॉडेलला चाकं नसतात. हप्ते थकले म्हणजे पळावं लागतं ते आम्हालाच.

तर पात्रता सिद्ध झाली. आता शास्त्राकडे वळू.

या छंदाचं सगळं शास्त्र एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे प्रमाण. ‘एकास चोवीस’ म्हणजे खऱ्या मोटारीचे चोवीस सेंटिमीटर हे इथे एक सेंटिमीटर. चार मीटरची मोटार जेमतेम सतरा सेंटिमीटरची होते, म्हणजे चष्म्याच्या डबीएवढी. आता चोवीसच का, पंचवीस का नाही? कारण इंग्रजी मापात एका फुटाला अर्धा इंच धरला की चोवीस येतात. अमेरिकेत मात्र बरेच जण पंचवीसच घेतात. दोन देशांचा एका आकड्यावरून वाद असला की समजावं, छंद गंभीर आहे. आणि गंमत अशी की लांबी चोवीसपट कमी केली तर वजन चोवीसाच्या घनाने कमी व्हायला हवं. हिशेब करून पाहिला. एक टनाची मोटार बहात्तर ग्रॅमची होते. म्हणजे अंगाच्या साबणाची वडी.

दुसरा लोकप्रिय आकडा त्रेचाळीस. हा तर मोटारीचा आकडाच नव्हे, आगगाडीचा आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या हॉर्नबी आगगाड्या घरोघर धावत होत्या. त्यांच्या फलाटाबाहेर उभ्या करायला म्हणून चिमुकल्या मोटारी निघाल्या आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. म्हणजे डिंकीची मोटार जगात आली ती आगगाडीची करवली म्हणून. पुढे करवलीचंच लग्न थाटात झालं, ही गोष्ट वेगळी.

तिसरं प्रमाण आणखी मजेचं. लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत म्हणे असा नियम होता, की शाळेत आणायचं खेळणं आगपेटीत मावलं पाहिजे. बापाने आगपेटीत मावेल असा रोडरोलर करून दिला, आणि १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. इथे प्रमाण ठरवलं ते डबीने. लंडनची दुमजली बस आणि मॉरिस मोटार सारख्याच मापाच्या डबीत, म्हणून दोघी जवळपास सारख्याच लांबीच्या. सहकारी तत्त्वाचं इतकं निखळ उदाहरण आमच्या भागातही सापडायचं नाही. आणि जपानच्या तामिया कंपनीने रणगाडा केला तो एकास पस्तीस, का? तर पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून. पुढे निम्म्या जगाने तेच माप पवित्र मानलं.

हे वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडे असं काही नाही बुवा. का नाही? आपल्याकडे दिवाळीतला किल्ला आहे! पुणे जिल्ह्यात ज्याने लहानपणी पोतं भिजवून, माती लिंपून, अळीव पेरून किल्ला केला नाही त्याचं बालपण मी मंजूर करत नाही. आता या किल्ल्याचं प्रमाण बघा. डोंगर एकास हजार, बुरूज एकास शंभर, मावळे एकास तीस, आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. पायथ्याशी दुकानातून आणलेली एखादी मोटार उभी, तिचं प्रमाण तिच्या तिच्यापाशी. इंग्रज किंवा जपानी छांदिष्टाने हे पाहिलं तर तो कपाळाला हात लावील. पण यात चुकलेलं काही नाही. ज्याचा मान मोठा तो आकाराने मोठा, हे आपलं प्रमाण आहे आणि ते फूटपट्टीपेक्षा जुनं आहे. जुन्या चित्रांत राजा हत्तीएवढा आणि हुजऱ्या गुडघ्याएवढा असतो तो काय चित्रकाराला दिसत नव्हतं म्हणून? हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

आता परदेशी कलाकृतींचं परीक्षण. पहिला मान इंग्लंडचा. एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या गृहस्थांनी काढली. युद्धानंतर ती कंगवे विकत होती. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीने त्यांना आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून मागितली, विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवायला. प्लॅस्टिकचे सुटे भाग साच्यातून निघायचे, पण ते जोडायला माणसं बसवावी लागायची, त्यांना पगार द्यावा लागायचा. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की सुटे भागच पाकिटात घालून वूलवर्थच्या दुकानात ठेवू. जोडेल घेणारा!

वाचकहो, मी कॉमर्सचा माणूस आहे. मला यापुढे लवून नमस्कार करावासा वाटला. मजुरीचा खर्च कंपनीच्या नावे पडायचा तो गिऱ्हाइकाच्या नावे टाकला, आणि वर गिऱ्हाइकाला वाटलं आपल्याला आनंद विकत मिळाला! बँकांना ही युक्ती सुचायला पुढे कितीतरी वर्षं लागली. आता आम्हीही पासबुक भरण्याचं यंत्र दारात ठेवलं आहे आणि खातेदार स्वतःच पासबुक घालतात, काढतात, उलटं घालतात, पुन्हा काढतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर तो एअरफिक्सवाला आनंद मला अजून दिसलेला नाही.

पण या गोष्टीत मला हिशेबापेक्षा मोठी वाटते ती वेगळीच बाब. विलायतेतल्या पोरांनी पुढे विमानं जोडली, जहाजं जोडली, १९५६ पासून जुन्या बेंटले मोटारी जोडल्या. त्या सगळ्याची सुरुवात मात्र ट्रॅक्टरने झाली. आणि तो ट्रॅक्टर कुठला, तर १९५३ साली मॅसी-हॅरिसशी सोयरीक होऊन जो पुढे मॅसी फर्ग्युसन झाला, त्या घराण्यातला. आमच्या बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, धुरळा उडवत, डोंबारी ढोलकीचं गाणं वाजवत एस.टी.ला बाजू न देणारा जो ‘मॅसी’ असतो, त्याचाच हा चुलता. हे समजल्यापासून मी बसमध्ये त्याच्यावर चिडत नाही. घराणं मोठं आहे.

अमेरिकेचं परीक्षण थोडक्यात करतो, कारण तिथे सगळं फार मोठं असतं. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात पोरांसाठी स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनच्या काळातल्या रथाची प्रतिकृती करायची होती, खिळ्या-झालरीसकट. पुढे स्वतःच्या मनातली मोटार एकास बारा मापात करा असं सांगितलं. बक्षीस काय, तर कॉलेजची शिष्यवृत्ती. त्यातली काही पोरं पुढे खरोखरच मोटारींचे आराखडे करायला त्याच कंपनीत लागली. आपल्याकडे पोरगं दहावीच्या वर्षी लाकूड तासत बसलं तर शिष्यवृत्ती नव्हे, वेगळंच काहीतरी मिळतं. तेही लाकडाचंच असतं.

जपानवर मात्र थांबायला हवं. तिथे शिझुओका नावाचं शहर आहे. आमचा जसा साखरेचा पट्टा तसा तो मॉडेलांचा पट्टा. तामिया तिथलीच, आओशिमा तिथलीच, हासेगावा शेजारचीच. तामियाची १९४६ साली लाकडाची वखार होती, लाकडावरून ते खेळण्यांवर आले आणि खेळण्यांवरून प्लॅस्टिकवर. या लोकांनी पोर्शे मोटारीचं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा खरी पोर्शे विकत घेतली आणि तिचा स्क्रू नि स्क्रू सुटा करून पाहिला. ते मॉडेल १९७६ साली आलं. मी या प्रकरणाचा विचार कर्ज-विभागाच्या दृष्टीने केला. ‘वाहन कशासाठी हवे?’ या रकान्यात ‘खोलून बघण्यासाठी’ असं लिहून आणलं असतं, तर आमच्या शाखेने अर्जदाराला पाणी दिलं असतं आणि घरी पोचवायला शिपाई.

अचूकतेच्या बाबतीत जपान्यांपुढे कुणी नाही. पण समीक्षक म्हणून मला तामियाच्या पोर्शेपेक्षा आओशिमाचे ट्रक मोठे वाटतात. जपानात मालवाहू ट्रकवाले आपले ट्रक दिव्यांनी, चित्रांनी, चकचकीत पत्र्यांनी मढवतात. ‘डेकोतोरा’ म्हणतात त्यांना. अशा ट्रकवाल्यांवर १९७५ पासून तिथे एक चित्रपटमालिकाच निघाली, ती तुफान चालली आणि आओशिमाने त्या ट्रकचे संच काढले. म्हणजे एवढी पोर्शे खोलून बसणाऱ्या देशाने आपल्याच हायवेवरचा, आपल्याच ड्रायव्हरने हौसेने नटवलेला ट्रकही पेटीत घातला. चाळीस दिव्यांची जागा कागदावर आखून दिली. याला मी स्वाभिमान म्हणतो. आमच्याकडे ‘हॉर्न ओके प्लीज’पासून ‘आईचा आशीर्वाद’पर्यंत एवढं वाङ्मय ट्रकच्या पाठीवर लिहून तयार आहे, पण ते कुणी पेटीत घातलं नाही.

बारामतीच्या एका दुकानात जाऊन मी विचारलं होतं, “मॉडेल आहे का, जोडायचं?”

“कितवीचं प्रोजेक्ट?” दुकानदार म्हणाला.

आपल्याकडे मॉडेल म्हणजे हेच. थर्माकोलचा ज्वालामुखी, जलचक्र, किंवा बापाने रात्री एक वाजेपर्यंत जागून केलेली आणि पोराने सकाळी ‘मी केली’ म्हणून नेलेली पवनचक्की. मी मोटार म्हणताच त्यांनी मागे ओढून सोडायची गाडी काढून दिली. परदेशी संच मागवता येतात, पण त्यांना दोन-तीन हजार मोजावे लागतात, रंग वेगळा, डिंक वेगळा. आणि या व्यवहारात घसाऱ्याचा नियमच उलटा आहे. खऱ्या मोटारीवर आम्ही वर्षाला पंधरा टक्के घसारा काढतो. इथे जुना, न उघडलेला संच नव्याहून महाग विकला जातो आणि जोडला की किंमत पडते! त्यामुळे जगभरातले कित्येक छांदिष्ट संच घेतात आणि कपाटात रचून ठेवतात, आपण न वाचलेले दिवाळी अंक ठेवतो तसे.

तसं वेड आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचं आख्खं शहर उभं केलं. १९९८ पासून ते लोकांना पाहायला मिळू लागलं. सिग्नल पडतात, गाड्या थांबतात, रस्त्यावर मोटारी, दिवेलागण होते. मी ते दोनदा पाहिलं. तिथली गाडी वेळेवर सुटते, एवढ्या एका गोष्टीमुळे ती प्रतिकृती वास्तवापासून थोडी दूर गेली आहे.

पण मोटारीचं म्हणाल, तर इंदापूर तालुक्याने मान वर करून चालावं अशी एक गोष्ट आहे. बारामतीहून निघालं की भवानीनगर, लासुर्णे करत जंक्शन नावाचं गाव लागतं. तिथून उजवीकडे वालचंदनगर. ज्यांच्या नावाचं हे गाव त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्याच फियाटला १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणू लागले. मुंबईच्या त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून ज्याने दार तीनदा आपटलं नाही तो मुंबईला गेलाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून ती कायमची रस्त्यावरून गेली. वालचंदनगरच्या फाट्यावरून मी रोज जातो. पद्मिनीचं साच्यातून निघालेलं, मडगार्डापासून मीटरपर्यंत सुटं सुटं, पोराला रविवारी जोडता येईल असं पाकीट त्या गावच्या जत्रेत मिळायला हरकत नव्हती. तिकडे इटलीत ॲपे रिक्षाचीसुद्धा हौशी लोक छोटी मॉडेलं घेऊन कपाटात ठेवतात. ती रिक्षा बारामतीच्या एमआयडीसीत होते. इटालियनमध्ये ॲपे म्हणजे मधमाशी. आमच्याकडे त्या मधमाशीत अकरा माणसं आणि एक शेळी बसते, हे इटलीच्या मॉडेलवाल्यांनी अजून लक्षात घेतलेलं नाही.

दुकानात मिळत नाही म्हणून पोरं थांबतात थोडीच. ज्वारीच्या ताटाची साल सोलायची, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या टोचून ते जोडायचे, की बैलगाडी तयार. जुन्या स्लिपरची गोल चकती कापली की चाक. आफ्रिकेत मलावी देशात पोरं तारा वाकवून मोटारी करतात, त्यांना ‘गालिमोतो’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थही मोटारच. म्हणजे मलावीचं पोरगं आणि निमगाव केतकीचं पोरगं यांनी एकमेकांना पत्र न लिहिता एकच कारखाना काढला. कच्चा माल उकिरडा, भांडवल शून्य, प्रवर्तक उघडा.

याच कारखान्यातून आता मोठा माल येऊ लागला आहे, आणि माझ्या समीक्षेचा खरा विषय तोच. आमच्या भागातली अठरा-वीस वर्षांची पोरं उसाच्या ट्रॅक्टरची मॉडेलं करतात. फोमशीट, पीव्हीसी पाइपचे तुकडे, फेविक्विक, मोडक्या खेळण्यातली मोटर आणि रिमोट. आमच्या एका खातेदाराच्या मुलाने केलेला ट्रॅक्टर मी त्यांच्या ओसरीवर बसून, चहा गार होईपर्यंत पाहिला. त्याचं रीतसर परीक्षण करतो.

प्रथम गुण. हा ट्रॅक्टर कंपनीचा नाही, रस्त्यावरचा आहे. जपानी कारागीर शोरूममधली गाडी करतो. या पोराने तिसऱ्या हंगामातला ट्रॅक्टर केला आहे. मडगार्डाला डाव्या बाजूला पोचा, कारण सगळ्यांचा डाव्या बाजूलाच असतो. सायलेन्सरला काजळी. मागे रेडियमच्या दुकानातून खरी बारीक अक्षरं कापून आणून लावलेलं वाक्य, ‘बघतोस काय, हप्ता चालू आहे’. हे वाचून मला आमच्या शाखेचा अभिमान वाटला. मागे डबल ट्रॉली, झाडूच्या काड्यांचा ऊस, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधली ती दांडी किंचित वाकलेली. ही वाकलेली दांडी करायला नजर लागते. कुठल्याही माहितीपत्रकात ती छापलेली नसते.

दोष. दिवे फार. खऱ्या ट्रॅक्टरला मागचा एक लागत नाही आणि इथे बावीस लागतात. वास्तवाशी ही प्रतारणा झाली, असं मी म्हणालो. पोरगं म्हणालं, “साहेब, खऱ्याला लावायचे होते, पप्पांनी पैसे दिले नाहीत. म्हणून याला लावले.” हा खुलासा कलेच्या दृष्टीने मान्य करावा लागला. गाणं वाजवायला आत ब्लूटूथ स्पीकर बसवला होता आणि त्याचा आवाज मात्र एकास एक होता.

दुसरा दोष मला मोठा वाटला. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर नव्हता, उसावर माणूस नव्हता. हंगामात ज्या ट्रॉल्या मी रोज पाहतो त्या रिकाम्या परत जाताना त्यांच्यात हंडे, गाठोडी, पोरं, कोंबड्या आणि पदर डोक्यावर घेतलेल्या बाया असतात. त्यांच्यावाचून ते वाहन पुरं होत नाही. मी तसं म्हणालो.

“माणसं अवघड जातात साहेब,” तो म्हणाला. “ट्रॅक्टरचं माप कंपनीच्या पुस्तकात असतं. माणसांचं कुठून आणू?”

मी गप्प बसलो, कारण माणसांचं माप कुठे असतं ते मला ठाऊक आहे. ते मुकादमाच्या वहीत असतं. बीडकडून, नगरकडून ऊस तोडायला माणसं येतात त्यांची मोजदाद माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. उचल दिली जाते ती कोयत्यावर. बी.कॉम.ला आम्हाला भागीदारीचे सगळे प्रकार शिकवले, पण दोन माणसांची बेरीज एक आणि एका माणसाची अर्धी होते असं प्रमाण त्यात नव्हतं. फूटपट्टी लावून मोटारी लहान करणाऱ्या कुठल्याच देशाला हा आकडा सुचलेला नाही.

त्याच हंगामात, जानेवारीत, भवानीनगरला कारखान्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि आमची बस अर्धा-पाऊण तास जागची हलेना. मी खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला कोप्या होत्या. एका कोपीसमोर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपली गाडी घेऊन बसला होता. टायरगाडी. उसाच्या चिपाडांची साटी, स्लिपरची दोन चाकं, एक निळं आणि एक हिरवं. मातीचे दोन बैल. त्यावर पाचटाच्या काड्यांचा ऊस वीतभर उंच रचलेला. आणि माणसं होती! जुवाजवळ बसलेला बाप, मातीचा, डोक्याला चिंधीचा फेटा. गाडीशेजारी उभी आई, काड्यांवर लुगड्याची चिंधी गुंडाळून केलेली, डोक्यावर उसाची मोळी.

आई बैलांच्या दुप्पट उंच होती.

मी खिशातला पेन काढून मापं घेतली. मुलगा बघत राहिला, बँकवाले असंच करत असतील अशा नजरेने. चाक चार सेंटिमीटर म्हणजे खऱ्याच्या साधारण सतरावा हिस्सा. बैल नऊ सेंटिमीटर, पंधरावा. बाप बसलेला, तरी उभा धरला तर सोळाव्याच्या आसपास. म्हणजे पोराचं प्रमाण पक्कं होतं. शिझुओकाला पाठवलं तरी फार कुणी नाव ठेवलं नसतं. फक्त आईचं माप निघालं साडेसातावा हिस्सा. मला लगेच दिवाळीतला किल्ला आठवला. महाराज बुरुजाएवढे, ज्याचा मान मोठा तो मोठा. मनातल्या मनात मी परिच्छेदसुद्धा जुळवला. लोककलेतील श्रद्धेचे प्रमाण, वगैरे.

खात्री करावी म्हणून विचारलं, “का रे बाळा, आई एवढी उंच का केलीस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीवर रचलेल्या उसाकडे.

“मग मोळी वरी पोचाया नको का?”

मागून कंडक्टरने बेल मारली. रांग हलली होती. मी चाकांचे रंग वेगळे का म्हणून विचारणार होतो, ते राहिलं.